एक तारखेची आंघोळ

गंगावेशीच्या कट्ट्यावर आम्ही तिघं दूध प्यायलो, ते शेवटचं. डाक्टर, मी आणि ही. ही म्हणजे माझी बायको. संध्याकाळचे सात वाजले असतील. म्हशी रांगेनं उभ्या होत्या. तिथं गवळी समोरच धार काढून ग्लास भरून देतो, वर चार बोटं फेस. डाक्टरांनी नेहमीसारखा पहिला ग्लास हिच्या हातात दिला आणि गवळ्याला म्हणाले, "ह्या म्हशीला आज उपास हाय काय रं? नुसता फेसच दिसतोय."

गवळी म्हणाला, "फेस म्हशीचा न्हाय डाक्टर, माझ्या हाताचा हाय. कमी करू काय?"

"नगं नगं. हाय तसंच दे."

डाक्टर उभ्या उभ्या सगळा ग्लास प्यायले. मिशी पांढरी झाली. ही म्हणाली, "डाक्टर, मिशी." त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं पुसली आणि वहाणा करकर वाजवत निघाले. दहा पावलं गेल्यावर मागं वळून सगळ्या कट्ट्याला ऐकू जाईल असे ओरडले, "उद्या एक तारीख हाय रं!"

एवढंच. त्यात विशेष काही नव्हतं. दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी असंच व्हायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी डाक्टर नव्हते. त्या सकाळचं मागनं सांगतो.

मी चौथी शिकलोय. लिहायची सवय नाही. जन्मभर उद्यमनगरात फौंड्रीमध्ये मोल्डर म्हणून साच्यांची वाळू थापली. ही जाऊन आता चौदा महिने झाले. पोरगी म्हणाली, भिंतीशी बोलत बसण्यापेक्षा वहीत लिहा. हिच्याबद्दल लिहायला बसलो की पेन पुढं सरकत नाही. डाक्टरांबद्दल लिहायला लागलो की ही आपोआप त्यात येऊन बसते. म्हणून डाक्टर.

गोष्ट लाजेची आहे. पण डाक्टरांपुढं लाजलेलं चालत नव्हतं, तर इथं कशाला लाजू? माझ्या उजव्या गोटीत गाठ झाली होती. नव्वदच्या पुढची सालं ती. मी पस्तिशीचा होतो, पोरगी बालवाडीत जात होती. आंघोळ करताना हाताला लागली, हरभऱ्याएवढी. दुखत नव्हती. मला वाटलं फौंड्रीत मोल्डिंगची पेटी लागली असेल मांडीला, त्याचंच काहीतरी. परड्यात एरंड होता. पान तव्यावर गरम करून बांधायला लागलो. वर लंगोट आवळायचा आणि कामाला जायचं. असे सात महिने काढले. हरभऱ्याची सुपारी झाली.

एक दिवस हिनं विचारलं, "एरंडाला पानं का राहिनात? तुमी तोडतासा काय?"

म्हटलं, "गुडघ्याला बांधतोय."

"गुडघ्याला बांधल्यालं पान लंगोटात कसं घावतंय मग?" असं म्हणून तिनं धुण्यातनं वाळलेलं पान काढून पुढं टाकलं. दुसऱ्या दिवशी मला डाक्टरांकडं घेऊन गेली.

डाक्टरांचा दवाखाना गल्लीतच, आठ खाटांचा. खाली तपासणी, वर आपरेशन. आत येताना त्यांच्या वहाणा आधी ऐकू यायच्या. जाड तळाच्या, करकरणाऱ्या. खाटेवर कण्हणारी माणसं तो आवाज आला की गप्प व्हायची, कारण डाक्टर विचारायचे, "कोण कण्हतंय? कुटं दुखतंय ते बोट लावून दाव. बोट लावता येत न्हाय तर दुखत न्हाय." माणूस सीमेकडचा, घरात कानडी. चिडायचे मराठीत आणि मोजायचे कानडीत. आपरेशनच्या वेळी कापसाचे बोळे किती आत गेले, किती बाहेर आले, हे मोठ्यानं मोजायचे, "ओंदु, येरडु, मूरु..." नर्सबाई मराठीत मोजायच्या. दोन्ही भाषांत आकडा जुळला की टाके घालायचे.

आम्ही गेलो तेव्हा बाहेर वीसेक माणसं बसलेली. आत जाऊन मी हळूच सांगितलं. डाक्टर माझ्याकडं बघत राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "गोटीत गाठ हाय? मग कुजबुजतोस कशाला? चोरून आणलीयास काय ती?"

बाहेरच्या वीस माणसांच्या माना दाराकडं वळल्या. मला वाटलं उठून पळावं. ही दारातनं मागं सरकायला लागली, तर डाक्टर म्हणाले, "बाई, तुमी आत या. बाप्या माणूस तारीख खोटी सांगतोय. कवापासनं हाय रं?"

"झाला असंल महिना."

"आखाडापासनं पानं तोडतायत," ही म्हणाली. "आता माघ हाय."

"हे बघा," डाक्टर म्हणाले. "सात म्हयनं. गाठीला हुंडा साठवत हुतास काय?"

मग त्यांनी दिवे घालवले, खिडकीचा पडदा ओढला. टेबलाखालनं तीन सेलची जुनी बॅटरी काढली. अंधारात बॅटरी खालनं टेकवून बघितलं. हे त्यांचं आवडतं काम. पाणी साठलेलं असलं तर सगळी पिशवी कंदिलासारखी लाल उजळते म्हणे. मग डाक्टर खूश व्हायचे, पेशंटच्या बायकोला बोलावून दाखवायचे, "बघा बाई, दिवाळी." लाइट गेली तरी त्यांची तपासणी थांबत नव्हती. उलट म्हणायचे, आता नीट दिसंल. माझी काही उजळली नाही. काळीच राहिली. डाक्टरांनी दिवे लावले, अंगठा आणि दोन बोटांनी बराच वेळ चाचपलं.

"दुखतंय?"

"न्हाय."

"तेच वाईट. दुखलं असतं तर सात म्हयनं थांबला असतास काय तू?"

पाणी नव्हतं, आत भरीव होतं. गोटीच्या आतली भरीव गाठ म्हणजे कॅन्सरच धरून चालायचं, असं त्यांची पुस्तकं सांगत होती. छातीचा फोटो काढला. रक्त मुंबईला पाठवलं. सोनोग्राफीचं यंत्र तेव्हा गावात मोजकं, त्याच्या फोटोत मला तर नुसतं आभाळ आल्यासारखं दिसलं. डाक्टरांनाही फार काही दिसलं नसावं. ते म्हणाले, "थांबायचं न्हाय. अख्खी काढायची. जांघेतनं."

मी म्हटलं, "गाठ खाली आणि चिरा वर?"

"खाली सुरी लावली आणि आत वाईट निघालं तर ते सांडतंय. वरनं धरायची, रक्ताच्या दोरासकट वढायची. भुईमूग उपटल्यासारखी."

हिनं एकच विचारलं, "मानूस ऱ्हाईल काय?"

"त्यासाठीच काढतोय, बाई."

आपरेशनच्या आधी डाक्टर प्रत्येकाच्या हातात पेन द्यायचे. ज्या बाजूला आपरेशन, त्या मांडीवर पेशंटनं स्वतःच्या हातानं लिहायचं. दुसऱ्या कुणी लिहिलेलं त्यांना चालत नव्हतं. म्हणायचे, तुझा पाय, तुझं अक्षर, मग चूक झाली तर दोघांची. मी उजव्या मांडीवर 'हितं' असं लिहिलं. नर्सबाई हसल्या. डाक्टर म्हणाले, "हसताय काय? कळलं का न्हाय कुटं ते?"

काढलेली गोटी त्यांनी बाटलीत घालून मला दाखवली. "तुझी हाय. तू बघितली पायजेस." मग ती तपासायला मिरजेला पाठवायची होती. त्या वेळी घरच्या माणसानंच बाटली घेऊन जायची पद्धत. मी खाटेवर. माझा भाऊ म्हणाला, मला मळमळतंय. ही म्हणाली, "द्या हिकडं, मी जातो घेऊन." आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, मी जातो, मी येतो. वायरच्या पिशवीत बाटली, वर टॉवेल, आणि ही एसटीनं निघाली. मांडीवर पिशवी घट्ट धरून बसलेली. शेजारची बाई म्हणाली, "लोणचं हाय काय आक्का?" ही म्हणाली, "व्हय. मालकांचं हाय." आणि उतरेपर्यंत खिडकीतनं बाहेर बघत बसली. ही गोष्ट तिनं मला वर्षभरानं सांगितली. सांगताना इतकी हसली की डोळ्याला पाणी आलं. जाताना कशी गेली असेल ते मात्र कधी बोलली नाही.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. आणायला मी जाणार होतो, तर त्याच्या आधी डाक्टरच आमच्या दारात. त्यांची जुनी फियाट, डावा दरवाजा सुतळीनं बांधलेला. गल्लीतली माणसं गोळा झाली. डाक्टर घरी येतो म्हणजे काय समजायचं? हिचे हात पिठाचे होते, तसेच राहिले.

डाक्टर पाटावर बसले. म्हणाले, "कॅन्सर न्हाय."

ही तिथंच भिंतीला टेकली. मी काय म्हणालो आठवत नाही. पण डाक्टरांच्या तोंडावर काही आनंद दिसत नव्हता. म्हणाले, "सगळं ऐका. साधी गाठ हुती. अंगावरची कातडी चुकून आत राहिलेली असती जन्मापासनं, ती वाढती. आत पांढरं पिठूळ. कुटं पसरत न्हाय, मारत न्हाय. तेवढीच सोलून काढता आली असती. गोटी राहिली असती. मी अख्खी काढली."

हिनं पिठाचे हात पदराला पुसले.

ते म्हणाले, "पुस्तकानं काढाच म्हणून सांगितलंय. कुणी मला चूक म्हणणार न्हाय. पण काढायच्या आधी एकदा बघायची सोय करायला पायजे हुती. ती मी केली न्हाय. हे तुला म्हाईत असावं म्हणून आलोय."

मला ते कधीच कळलं नसतं. रिपोर्ट इंग्रजीत. कॅन्सर नाही म्हटल्यावर मी त्यांच्या पाया पडून पेढे वाटले असते. मी रागावलो का? खरं सांगायचं तर थोडा रागावलो. आणि मी तोंडाचा फटकळ. म्हटलं, "डाक्टर, आमच्या फौंड्रीत कास्टिंगवर शंका आली तर आधी हातोडीनं ठोकून बघत्यात. मग परत वितळायला भट्टीत टाकत्यात."

डाक्टर म्हणाले, "व्हय. तेच."

तेवढ्यात ही म्हणाली, "अवो, गप बसा. डाक्टर, तुमी मानूस परत दिलासा की मला. एक गेली तर गेली. तिचं काय लोणचं घालायचं हुतं?" आणि चहा ठेवायला उठली. डाक्टरांनी चहा घेतला नाही. दुसऱ्या कुणाच्या घरी ते कधी काही घेत नव्हते, पण त्या दिवशी मला वाटलं ते वेगळं होतं.

पुढच्या आठवड्यात डाक्टर फौंड्रीत हजर. वहाणा करकरत सरळ आत. आमचा फोरमन कास्टिंग ठोकत बसला होता. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर आत पोकळी. डाक्टरांनी त्याच्या हातातनं हातोडी घेतली आणि तासभर बसून कास्टिंग ठोकली. एकेक कानाशी धरून. फोरमननं मला बाजूला घेतलं, "कोण रं हे पावणं?"

"माझे डाक्टर."

"डोक्याचे?"

"न्हाय," म्हटलं. कुठले ते सांगितलं नाही.

ते असेच होते. डोक्यात एकदा शिरलं की निघायचं नाही. त्या वर्षानंतर त्यांनी एक नवीनच खूळ काढलं. रविवारी सकाळी तालमीत जायचे. लाल मातीत वहाणा काढून उभे राहायचे आणि मेहनत करणाऱ्या पोरांना सांगायचे, "दंड बघता, मांड्या बघता, आरशात छाती बघता. गोट्या कोण बघतंय? दर म्हयन्याच्या एक तारखेला, आंघोळीला, गरम पाण्यात. कायबी बारीक लागलं तर दुसऱ्या दिवशी माझ्याकडं. एरंड बांधायचा न्हाय." वस्तादांनी पहिल्यांदा त्यांना जवळजवळ हाकललं. म्हणाले, पैलवानांचं मन चळतंय असल्या बोलण्यानं. डाक्टर म्हणाले, "मन चळलं तर परत जाग्यावर येतंय." पुढच्या रविवारी परत गेले. महिन्या दोन महिन्यांनी वस्ताद स्वतःच दवाखान्यात आले, पडदा ओढून. त्यांचं नुसतं पाणी निघालं. डाक्टरांनी त्यांनाही दिवाळी दाखवली. मग तालमीत डाक्टरांना बसायला खुर्ची मिळायला लागली.

मला तर दर सहा महिन्यांनी तपासायला बोलवायचेच. राहिलेली डावी चाचपायचे आणि म्हणायचे, "ओंदु." कानडीत एक. म्हणजे एक आहे, नीट आहे, जा घरी. दुसरं काही बोलायचे नाहीत.

घरात एक तारखेचा कायदा हिनं चालवला. मी न्हाणीत शिरलो की ही बाहेर चुलीपाशी थांबायची. "बघितलासा?" "व्हय." "हाय का नीट?" "हाय." न्हाणीचं दार पत्र्याचं. शेजारच्या काकूला वाटायचं आम्ही साबणाबद्दल बोलतोय. एकदा एक वडी घेऊन आली बिचारी, संपला असंल तर घ्या म्हणाली. आता एक तारखेला कुणी विचारत नाही. बघतो मी. सांगायचं कुणाला?

असं नऊ वर्षं चाललं. नऊ वर्षांनी एका एक तारखेला बोटाला काहीतरी लागलं. डाव्या गोटीत. बारीक, पण दगडासारखं. तांब्या हातात तसाच राहिला.

बाहेरनं आवाज आला, "बघितलासा?"

मी बोललोच नाही. तिला कळलं. दार ढकलून ती आत आली, तशीच.

ह्या वेळी पान बांधलं नाही. तासाभरात डाक्टरांकडं. त्यांनी अंधार केला, बॅटरी लावली, दिवे लावले, चाचपलं. 'ओंदु' म्हणाले नाहीत. खुर्चीत बसले आणि बराच वेळ वहाण पायात आतबाहेर करत राहिले.

मी विचारलं, "ही पण काढली तर?"

"जगशील. दर म्हयन्याला सुई. न्हाय घेतलीस तर दाढी जाईल, ताकद जाईल. फौंड्री जमणार न्हाय." मग हिच्याकडं बघून म्हणाले, "आणि बाकीचं तुमाला कळतंय, बाई."

ही म्हणाली, "आमाला मानूस पायजे. बाकीचं बघू." पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, ते मी बघितलं.

आता यंत्रं सुधारली होती. नवा सोनोग्राफीचा फोटो आला तसे डाक्टर फियाट घेऊन थेट आमच्या घरी. "बाई, एक कांदा आणा. आणि विळी." विळीवर त्यांनी कांदा आडवा कापला. अर्धा कांदा आणि फोटो शेजारी शेजारी धरला. फोटोतल्या गाठीत तशीच कडी होती, एकात एक. "असलं चित्र साध्या गाठीचं असतंय. मागल्यासारखीच असंल. रक्त पण चांगलं आलंय."

मी म्हटलं, "मग ऱ्हाऊ दे की तशीच."

"कांद्यावर भरवसा ठिवून तुला सोडणार न्हाय मी. आणि कांदा बघूनसुद्धा अख्खी काढायची, असं पण न्हाय. एकदा केलंय ते." विळी बाजूला सारून म्हणाले, "माझ्याकडं करायचं न्हाय. गाठ टेबलावरच तपासत्यात अशा ठिकाणी जायचं."

तसली सोय तेव्हा आमच्या दवाखान्यात नव्हती. गाठ काढायची, शेजारच्या खोलीत ती गोठवून पातळ काप करायचे, काचेखाली बघायचं, आणि पेशंट टेबलावर असतानाच सांगायचं, ठेवायची का काढायची. मिरजेच्या बाजूला एका मोठ्या दवाखान्यात होती. तिथला सर्जन डाक्टरांच्या हाताखाली शिकलेला. डाक्टरांनी त्याला फोन केला. आमच्यासमोरच म्हणाले, "काप तू. मी नुसता उभा ऱ्हातो. माझ्या हाताला घाई हाय."

फियाटमधनं तिघं गेलो. पुढं डाक्टर आणि मी, मागं ही. वायरची तीच पिशवी मांडीवर. आत ह्या वेळी भाकरी होती. हातकणंगल्याजवळ डाक्टर म्हणाले, "बाई, पिशवी तीच काय?"

"व्हय."

"दुसरी न्हवती?"

"मुद्दाम आणलीय," ही म्हणाली. "ह्या खेपेला हिच्यात बाटली घालायची न्हाय, रिकामीच परत न्यायची हाय."

डाक्टरांनी फियाटचा वेग वाढवला.

मांडीवर 'हितं' लिहायला तिथंही मी पेन मागितलं. नव्या लोकांना वाटलं काय खूळ आहे. डाक्टरांनी स्वतःचं दिलं.

कमरेत सुई दिली, खालचं सगळं बधिर. वरचा मी जागा. छातीवर पडदा. पलीकडं तो सर्जन, इकडं माझ्या डोक्याशी डाक्टर. पायात दवाखान्याच्या रबरी चपला, त्यामुळं त्यांचा आवाजच नाही. मला ते कोणी परके वाटत होते. पडद्यापलीकडनं बर्फ मागितल्याचं ऐकलं. रक्ताचा दोर चिमट्यानं बंद करून गोटी बर्फात ठेवतात म्हणे, म्हणजे तेवढा वेळ टिकते. मग सर्जन म्हणाला, "सर, गाठ निघाली. अख्खी निघाली. पाठवतोय." नर्सची पावलं. दार आपटलं.

मग काही नाही. घड्याळ होतं, पण मला दिसत नव्हतं.

डाक्टर म्हणाले, "बोल कायतरी."

"काय बोलू?"

"फौंड्रीचं बोल."

मग मी मोल्डिंगचं सांगायला लागलो. वाळू चिकटायला काकवी किती घालायची, पाणी किती. पेटी कशी भरायची, हवेला भोकं कुठं ठेवायची. लोखंडाचा रस कसा ओतायचा, मध्ये थांबायचं नाही. ओतला की पेटी उघडायची नाही. नवीन पोरं घाई करतात, आत लाल असताना उघडतात, मग तडा जातो.

"किती वेळ थांबता?"

"मालावर हाय. बारीक असंल तर तास. मोठं असंल तर रात्रभर."

"आणि न्हाय धीर धरवला तर?"

"तर गेलं भंगारात."

डाक्टरांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. थंडगार होता. हळूच म्हणाले, "ही वीस मिंटं मी त्या वेळी थांबलो न्हाय, मर्दा."

दार उघडलं. तपासणीच्या बाई स्वतः आल्या होत्या, तोंडाला फडकं. म्हणाल्या, "साधी आहे, सर. कातडीचीच गाठ. वाईट काही नाही."

पडद्यापलीकडं सर्जननं श्वास सोडला. डाक्टर म्हणाले, "पक्कं?"

"पक्कं, सर."

"परत एकदा बघा."

"सर, मी दोन काप बघितले."

"तिसरा बघा."

सर्जन म्हणाला, "सर, बर्फावर वेळ होतोय."

"बर्फ घाल आणखी. बघू दे बाईंना."

बाई गेल्या. असल्या माणसाला काय म्हणायचं? बरी बातमी दारात आलेली, आणि हा तिला परत पाठवतोय. मी तर देवाचं नावसुद्धा विसरलो होतो. डाक्टर डोळे मिटून ओठातल्या ओठात कानडी आकडे मोजत होते. मला शंभरपर्यंतचे येत नाहीत, पण शंभराच्या पुढं गेले असणार.

बाई परत आल्या. "तेच आहे, सर."

डाक्टर म्हणाले, "ओंदु." आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. पलीकडं सर्जन टाके घालायला लागला.

बाहेरचं हिनं सांगितलं. ती बाकावर बसली होती, कान वहाणांकडं. वहाणा वाजल्याच नाहीत. मान वर केली तर डाक्टर समोर उभे, रबरी चपलासुद्धा पायात नाहीत, अनवाणी. त्यांनी नुसतं एक बोट वर केलं. ही म्हणाली, "मला वाटलं छताकडं दावतायत, म्हंजे मानूस वर गेला. अशी हबकलो मी! मग त्यांच्या मिशीत हसू दिसलं."

येताना हातकणंगल्याला गाडी थांबवली. हिनं भजी मागवली. गरम कांदाभजी आली तशी डाक्टरांनी ताट परत पाठवलं. "आज कांदा न्हाय. बटाट्याची आण." भजीवाला म्हणाला, "चतुर्थी हाय काय पावणं?" डाक्टर म्हणाले, "व्हय, माझी एकट्याची." पिशवी रिकामीच घरी आली.

तिथनं पुढं दर महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी गंगावेशीला तिघांचं दूध सुरू झालं. ठरवून नाही. एकदा भेटलो, मग परत भेटलो. तिथं आजाराचं बोलणं नाही. म्हशी, पाऊस, कुणाची फियाट कुठं बंद पडली. जाताना फक्त ती आरोळी. कट्ट्यावरचे गवळी म्हणायचे, डाक्टरांचा पगार एक तारखेला होत असंल.

आता ती सकाळ.

सहाला कंपाउंडर सायकलवरनं आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "डाक्टर गेले. झोपेतच. दहाला नेणार हायत." एवढं सांगून पुढच्या घराकडं गेला. मी खुंटीवरचा सदरा काढला. एक हात घातला असेल नसेल, ही न्हाणीतनं बाहेर आली. डोळे पदरानं पुसत होती. चुलीवर पाणी उकळत होतं.

"आंघोळ करून जावा."

मी म्हटलं, "येडी हायस काय? मयताला जाऊन आल्यावर आंघोळ असती. आधी कोण करतंय?"

"ती आल्यावर करा. ती मयताची. ही एक तारखेची हाय."

"आज?"

"आजच. काल सांगून गेल्यात की तुमाला."

माझा एक हात सदऱ्यात, एक बाहेर. तिनं सदरा ओढून काढला, खुंटीला परत अडकवला आणि तांब्या माझ्या हातात दिला.

आत गेलो. पत्र्याचं दार लोटलं. दोन तांबे गरम पाणी घेतलं. मग डाक्टरांनी शिकवलं होतं तसं, खाली एक हात, वरनं अंगठा आणि दोन बोटं. द्राक्षाचा मणी बघतोस तसं, दाबायचं नाही, फिरवायचं. मागच्या बाजूला दोरा लागतो, त्याला गाठ समजून बोंबलायचं नाही. वरनं खाली. परत खालनं वर. टाक्याची जागा सोडून सगळं गुळगुळीत. तरी मी परत एकदा बघितलं. आणि तिसऱ्यांदा बघितलं.

बाहेर तिला पाण्याचा आवाज येत नव्हता.

"बघितलासा?"

"व्हय."

"हाय का नीट?"

तिनं पत्र्यावर टकटक केलं. "अवो?"

"ओंदु," म्हटलं.